तोफेच्या धक्क्यापासून बसच्या बलूनपर्यंत: हवेच्या सस्पेन्शनची पार्श्वभूमी

रिकामा ट्रक खड्ड्यातून गेला की मागचा फाळका खडखडतो, हौद्यात पडलेलं दोरखंडसुद्धा उडतं. तोच ट्रक माल भरून त्याच रस्त्याने परतताना बराच शांत चालतो. कारण गाडी तोलणाऱ्या लोखंडी कमानपाट्यांत आहे. पाटे पूर्ण भाराच्या हिशेबाने बनवलेले असतात आणि भार उतरला म्हणून ते मऊ होत नाहीत. मुळातच मऊ ठेवले तर माल चढल्यावर गाडी बसते. दर थांब्यावर माणसं चढणाऱ्या-उतरणाऱ्या बसला हा पेच ट्रकपेक्षाही जास्त छळतो.

गाडी पाट्यांऐवजी कोंडलेल्या हवेवर तोलली, म्हणजे हवेचं सस्पेन्शन लावलं, तर तसं होत नाही. कोंडलेल्या हवेचा दाब जितका जास्त, तितकी ती कडक. भार वाढला की टाकीतली आणखी हवा आत सोडायची, भार कमी झाला की बाहेर काढायची. गाडीची उंची तीच राहते, कडकपणा मात्र भाराप्रमाणे बदलतो. त्यामुळे रिकामी बस आणि खच्चून भरलेली बस जवळपास एकाच लयीत डोलते, सेकंदाला साधारण एक-सव्वा हेलकावा.

या सगळ्यामागचा नियम, म्हणजे हवेचा दाब आणि आकारमान यांचा संबंध, रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्येच मांडला होता. तरी हवेवर तरंगणारी गाडी रोजच्या वापरात यायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. माझ्या मते हा उशीर एकाच गोष्टीमुळे झाला: गळती. हवेच्या सस्पेन्शनचा इतिहास हा हवा अडवून धरण्याचा इतिहास आहे, आणि त्यातलं पहिलं मोठं यश गाडीवाल्यांना नाही, तोफखान्याला मिळालं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोफगोळ्याचं रूप पालटलं. वाटोळ्या गोळ्याच्या जागी लांबट, टोकदार गोळा आला. त्याच्या बुडाजवळ तांब्याचा पट्टा बसवू लागले. बार उडाला की हा मऊ पट्टा नळीतल्या पिळदार खाचांत रुततो, मागचा वायू अडवतो आणि गोळ्याला स्वतःभोवती फिरकी देतो. फिरकीमुळे लांबट गोळा हवेत कोलमडत नाही. त्यामुळे नळीची रुंदी न वाढवता पूर्वीपेक्षा जड गोळा टाकता येऊ लागला. त्यात १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू बनवली आणि वेगही वाढला.

पण गोळ्याला पुढे जेवढा संवेग मिळतो, तेवढाच तोफेला मागे मिळतो. सात किलोचा गोळा सेकंदाला ५०० मीटर वेगाने सुटला, तर टनभर वजनाची तोफ सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने मागे फेकली जाणार. तशी ती जातच असे. दर बारानंतर गोलंदाजांनी ती ढकलत पुढे आणायची, पुन्हा नेम धरायचा. गोळा सुधारला होता, दारू सुधारली होती, आणि तोफेचा गाडा मात्र जुन्याच काळात अडकला होता.

नळी गाड्याला घट्ट बांधण्याऐवजी तिला गाड्यावरच लांबवर मागे सरकू द्यावी, ही कल्पना जर्मनीत कोनराड हाउसनर या अभियंत्याने मांडली. तिथे तिला दाद मिळाली नाही. फ्रेंचांनी ती उचलली, पुतोच्या शस्त्रशाळेत अल्बेर देपोर यांनी तिला आकार दिला आणि १८९७ ची प्रसिद्ध ७५ मिलिमीटर तोफ जन्माला आली. बार उडाला की नळी मीटरभराहून जास्त मागे सरके. तिला जोडलेला पिस्टन तेलाला अरुंद वाटेतून दुसऱ्या नळकांड्यात रेटत असे. तिथे एक मोकळा, तरंगता पिस्टन होता आणि त्याच्या पलीकडे दाबून भरलेली हवा. अरुंद वाटेतून जाताना तेल धक्का जिरवायचं आणि दाबलेली हवा नळीला परत जागेवर आणायची. चाकं जागची हलत नसत, म्हणून मिनिटाला १५ गोळे सहज सुटत.

हे वाचायला सोपं वाटतं. करताना जीव मेटाकुटीला आला तो तरंगत्या पिस्टनच्या कडेला. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला प्रचंड दाबाची हवा, मधली धातूची चकती सरकायलाही हवी आणि तिच्या कडेने थेंबभरही गळता कामा नये. सुरुवातीचे नमुने रस्त्यावरून ओढत नेले की गळत. देपोर सोडून गेल्यावर सेंट-क्लेअर देव्हिल आणि रिमेलो या दोघा अधिकाऱ्यांनी ही गळती थांबवली. या कामाचं श्रेय तोफेच्या कौतुकात बहुधा हरवतं, आणि ते मला पटत नाही. गळती रोखणारी ती सील नसती तर बाकीची रचना कागदावरच राहिली असती.

असल्या यंत्रणेचं गुपित किती मोलाचं होतं, हे १८९४ च्या एका चिठ्ठीवरून कळतं. पॅरिसमधल्या जर्मन लष्करी प्रतिनिधीला पाठवलेल्या त्या चिठ्ठीत पुरवलेल्या माहितीची यादी होती आणि तिच्यातली पहिली बाब होती १२० मिलिमीटर तोफेचा धक्का जिरवणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकची. याच चिठ्ठीवरून तोफखान्यातला कॅप्टन आल्फ्रेड द्रेफ्यूस दोषी ठरला आणि डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर गेला. खरं तर चिठ्ठी एस्तेरहाझी या दुसऱ्याच फ्रेंच अधिकाऱ्याने लिहिली होती. द्रेफ्यूस निर्दोष असल्याचं न्यायालयाने मान्य करायला १९०६ उजाडलं. त्या प्रकरणातला ज्यूद्वेष, खोटे कागद, फुटलेला समाज यावर अपार लिहिलं गेलंय. मुळाशी धक्का जिरवणाऱ्या एका नळकांड्याची माहिती होती, हे क्वचितच आठवतं.

तोफेतून ही विद्या विमानात गेली. उतरताना जमिनीवर आदळणारं विमान आणि मागे फेकली जाणारी नळी, दोन्हींचा प्रश्न एकच. व्हिकर्स कंपनीने १९१५ मध्ये विमानाच्या चाकांसाठी तेल आणि हवेने धक्का जिरवणाऱ्या दांड्याचं पेटंट घेतलं, तेही तोफेच्याच यंत्रणेवरून. फ्रान्सचा जॉर्ज मेसिए मात्र आधी मोटारीकडे वळला. १९२० च्या दशकात तो ‘बिनस्प्रिंगची’ म्हणून हवेवर तोललेल्या गाड्या विकत होता. गाड्या फार खपल्या नाहीत. मग तो विमानाच्या चाकांकडे गेला आणि १९३३ मध्ये घोड्यावरच्या अपघातात तरुणपणीच वारला. त्याच्या कंपनीचा वारसा आज साफ्रान लँडिंग सिस्टिम्समध्ये आहे.

मोटारीत ही विद्या खऱ्या अर्थाने रुजवली सिट्रोएनच्या पॉल माजेसने. अभियांत्रिकीची पदवी नसलेला हा माणूस. त्याने दाबासाठी नायट्रोजन घेतला, तो धातूच्या गोळ्यात रबरी पडद्यामागे कायमचा बंद केला आणि भाराप्रमाणे आत-बाहेर करायचं काम तेलावर सोपवलं. यातली खुबी समजून घेण्यासारखी आहे. वायू अडवणं अवघड, तेल अडवणं त्या मानाने सोपं. मग हलत्या सांध्यांत वायू येऊच द्यायचा नाही. १९५४ मध्ये एका गाडीच्या मागच्या चाकांवर प्रयोग झाला आणि १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात सिट्रोएनची डीएस ही गाडी आली. पहिल्या दिवशीच १२,००० जणांनी नोंदणी केली.

तरी गळतीने पाठ सोडली नाही. सुरुवातीचं लाल तेल हवेतला ओलावा शोषायचं, आतले भाग गंजायचे आणि मायक्रॉनच्या हिशेबाने घासून बसवलेले सांधे खराब व्हायचे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिरवं खनिज तेल आलं, तेव्हा कुठे ही गाडी भरवशाची झाली. त्याआधी २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळ्यांचा वर्षाव झाला होता. टायर फुटले, तरी चालकाने गाडी न थांबवता वेगात बाहेर काढली. त्याचं कौशल्य मोठंच, पण गाडी ताब्यात राहण्यात तिच्या सस्पेन्शनचाही वाटा होता, असं मानलं जातं.

आपल्या बसखाली असतो तो हवेचा बलून मात्र या घराण्यातला नव्हे. त्याची वंशावळ अमेरिकेतली. विल्यम हम्फ्रीजने १९०१ मध्ये गाडीच्या लांबीभर हवेच्या दोन उशा बसवायचं पेटंट घेतलं होतं. त्या काळच्या रबराला ते झेपणारं नव्हतं. पुढे टायर बनवणाऱ्या फायरस्टोनने दोऱ्यांचे थर घातलेल्या रबराचे फुगीर, भात्यासारखे बेलो बनवले. १९३८ च्या सुमारास बस बनवणाऱ्यांनी त्यात रस घेतला, १९४४ मध्ये चाचण्या झाल्या आणि १९५३ पासून जनरल मोटर्सच्या बस हवेवर धावू लागल्या. बेलोत सरकणारा पिस्टन नाही, म्हणून पिस्टनच्या कडेची सीलही नाही. गळतीचा प्रश्न त्यांनी असा मुळातूनच काढला.

उरलं काम गाडीची उंची कायम राखणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हचं. चेसिसवर व्हॉल्व्ह, त्यातून निघालेला एक दांडा आणि त्याचं खालचं टोक ॲक्सलला जोडलेलं. माणसं चढली, बॉडी खाली आली की दांडा वर उचलला जातो आणि बेलोत हवा शिरते. माणसं उतरली की उलट. खड्ड्यागणिक हवा आत-बाहेर होऊ नये म्हणून व्हॉल्व्ह मुद्दाम उशिराने प्रतिसाद देतो.

हीच यंत्रणा अमेरिकेत मोटारींना लावली, तेव्हा फसली. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूममध्ये ती आली, पुढच्या वर्षी जनरल मोटर्सच्या इतर गाड्यांतही पैसे मोजून मिळू लागली. गाड्या रात्रीत बसायच्या, मालक वैतागायचे, आणि कित्येकांनी ती काढून पुन्हा लोखंडी स्प्रिंगा लावून घेतल्या. बसला एअर ब्रेकसाठी काँप्रेसर आणि टाक्या आधीच होत्या, त्यांची देखभाल करणारा डेपो होता. थोडी गळती झाली तरी निभायचं. मोटारीला हे सगळं नव्याने घालावं लागलं. यशापयशातला फरक मला यातच दिसतो.

आपल्याकडे २००१ मध्ये व्होल्वोची बी७आर आली आणि शिवनेरीसारख्या सेवांतून हवेवर तोललेली बस मराठी प्रवाशाच्या ओळखीची झाली. त्याआधी एसटी म्हणजे पाटे. वर्कशॉपमध्ये बेलोला सर्रास ‘बलून’ म्हणतात. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कुशीवर कललेली दिसली, की त्या बाजूला गळती आहे हे मेकॅनिकला लांबूनच कळतं. मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. २००७ पासून मुंबईत आलेल्या सीमेन्सच्या लोकलच्या डब्यांखालीही हवेच्या स्प्रिंगा आहेत. ऐन गर्दीच्या वेळच्या डब्याचा भार बघता त्यांची गरज वेगळी सांगायला नको.

तोफ आणि सस्पेन्शन पुन्हा एकत्र आले ते रणगाड्यात. स्वीडनच्या १९६० च्या दशकातल्या एस-टँकमध्ये तोफ बॉडीत पक्की बसवली होती. नेम वर-खाली करायला तेल आणि वायूच्या सस्पेन्शनने अख्खा रणगाडाच पुढे-मागे झुकवायचे.

आपल्या अर्जुन रणगाड्यातही दोन्ही शाखा आहेत. दर बाजूच्या सातही चाकांना तेल आणि वायूचं सस्पेन्शन, आणि वर पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संस्थेने विकसित केलेली १२० मिलिमीटरची पिळदार खाचांची तोफ. राजस्थानच्या उन्हात वायूचं तापमान २० वरून ७० अंशांवर गेलं, तर बंद जागेतला दाब साधारण १७ टक्के वाढतो; सील बनवणाऱ्याला हा हिशेब आधीच धरावा लागतो. आणि या तोफेचा चिलखतभेदी गोळा आहे बाणासारखा लांब, शेपटीला पंख असलेला. तो पंखांनी स्थिर राहतो, जोराची फिरकी त्याला बाधते. म्हणून त्याच्या भोवतीचा पट्टा मुद्दाम घसरता ठेवतात: खाचांत रुतून वायू अडवण्याचं काम तो करतो, पण गोळ्याला सोबत फिरवत नाही.