दीर्घिका तारे घडवणं का थांबवतात? सँड्रा फेबर यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांमुळे एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. काही दीर्घिका अब्जावधी वर्षं नवे तारे घडवत राहतात, तर काही मध्येच हे काम बंद करतात. असं का होतं? वेबची ही निरीक्षणं ज्या कामावर उभी आहेत, त्याचा बराच भाग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या सँड्रा फेबर यांच्या कारकिर्दीशी जोडलेला आहे. फेबर यांचं नाव कृष्णद्रव्याच्या (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाच्या) संदर्भात अधिक घेतलं जातं. पण उपकरणं बांधणं, बिघडलेली दुर्बीण समजून घेणं, सर्वेक्षणं उभी करणं ही त्यांची कामं मला तरी तितकीच मोलाची वाटतात.

प्रश्नाचं मूळ रंगात आहे. मोठे, तापलेले तारे निळे असतात आणि त्यांचं आयुष्य जेमतेम काही कोटी वर्षांचं असतं. त्यामुळे निळी दिसणारी दीर्घिका आजही तारे घडवते आहे, असं खुशाल समजावं. तांबूस दीर्घिकांमध्ये (यात धुळीमुळे लाल दिसणाऱ्या काही फसव्याही असतात) बहुतेक सगळे तारे म्हातारे असतात. सर्पिल दीर्घिका साधारणपणे पहिल्या गटात मोडतात, लंबवर्तुळाकार दुसऱ्या. एडविन हबल यांनी १९२६ मध्ये आकारांवरून केलेलं वर्गीकरण आजही वापरात आहे. पण ते वर्गीकरण होतं, इतिहास नव्हता. एका गटातली दीर्घिका दुसऱ्या गटात कशी जाते, हे त्यातून कळत नव्हतं.

इतिहास मांडायला सुरुवात केली ती खगोलशास्त्रज्ञ बिअॅट्रिस टिन्सली यांनी. टेक्सास विद्यापीठात १९६७ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात त्यांनी दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या पिढ्यांचा हिशेब मांडला आणि वयाबरोबर दीर्घिकेची तेजस्विता नि रंग किती बदलतील हे दाखवलं. विश्वाचं प्रसरण मोजणाऱ्यांना हे अडचणीचं होतं, कारण दूरच्या दीर्घिकांची मूळ तेजस्विता जवळच्यांइतकीच धरून त्यांची गणितं चालली होती. टिन्सली पुढे येल विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि १९८१ मध्ये, चाळिशीतच, कर्करोगानं गेल्या. त्यांची गणितं पडताळून पाहता येतील अशी दुर्बीण तेव्हा अस्तित्वात नव्हती.

फेबर १९७२ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट घेऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लिक वेधशाळेत रुजू झाल्या. तिथल्या संशोधकवर्गात त्या पहिल्याच महिला. त्यांनी लंबवर्तुळाकार दीर्घिका निवडल्या. चमकदार बाहू नाहीत, नवे तारे नाहीत, दिसायला अगदीच निरस असा हा विषय. १९७६ मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट जॅक्सन यांनी दाखवलं की, या दीर्घिकांची तेजस्विता आणि आतल्या ताऱ्यांच्या वेगांमधला फरक एकमेकांशी बांधलेले आहेत. तेजस्विता त्या वेगाच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. हाच फेबर-जॅक्सन संबंध. १९८४ मध्ये जॉर्ज ब्लूमेंथाल, जोएल प्रिमॅक आणि मार्टिन रीस यांच्यासोबत ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी थंड कृष्णद्रव्याच्या आधारानं दीर्घिका कशा जन्मतात याचं चित्र मांडलं. त्या चित्राची चौकट आजही टिकून आहे.

पण चौकट पडताळायची तर लहान वयातल्या दीर्घिका बघायला हव्यात. प्रकाशाला पोहोचायला वेळ लागतो म्हणून दूर पाहणं म्हणजे मागे पाहणं, हे खरंच. तरी एकाच दीर्घिकेचं आयुष्य कुणालाच पाहता येत नाही. वेगवेगळ्या वयाच्या अनोळखी माणसांचे फोटो जमवून माणूस कसा वाढतो हे ठरवावं, तसा हा उद्योग आहे. त्यातून जमिनीवरून घेतलेले फोटो धूसर. वातावरणाच्या हालचालींमुळे प्रतिमा साधारण अर्ध्या ते एका विकलेइतकी (विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग) पसरते आणि दूरची दीर्घिका स्वतःच तेवढी असते. तिला बाहू आहेत की ती नुसता गोळा आहे, हे सांगणार कसं? खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी वातावरणाच्या वर दुर्बीण नेण्याचा प्रस्ताव १९४६ मध्येच मांडला होता. प्रत्यक्षात हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी उडाली.

आणि पहिल्याच प्रतिमांनी घात केला. फेबर हबलच्या मुख्य कॅमेऱ्याच्या चमूत होत्या. २.४ मीटरच्या आरशानं ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश ०.१ विकला त्रिज्येच्या वर्तुळात गोळा करायचा होता, तिथे जेमतेम १५ टक्के येत होता. उरलेला आजूबाजूला विखुरलेला. नाभीयन पुढे-मागे केलं तरी प्रतिमा सुधारेना. एका ठिकाणी मध्यभाग स्वच्छ होई तेव्हा कडा बिघडत, दुसरीकडे उलट. मग दुय्यम आरसा मुद्दाम सरकवून नाभीबाहेरच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. फेबर आणि तरुण संशोधक जॉन होल्ट्झमन यांनी त्या प्रतिमांमधली कडी आणि छाया तपासली. आरशाच्या कडेकडून येणारे किरण आणि मध्यातून येणारे किरण वेगवेगळ्या अंतरावर एकत्र येत होते. निदान ठरलं: गोलीय विपथन. इतरांचीही आकडेमोड त्याच दिशेला जात होती. २७ जून १९९० रोजी नासानं दोष जाहीर केला.

आरसा अतिशय काटेकोर घासला होता, फक्त चुकीच्या आकारात. त्याची कड हवी त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉननं सपाट होती. घासताना आकार तपासणाऱ्या साधनातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं, एवढंच कारण. दोष इतका नेमका होता म्हणूनच त्याची तोडही नेमकी काढता आली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी नवा कॅमेरा आणि सुधारक आरसे बसवले. मधली तीन वर्षं मात्र हबल चेष्टेचा विषय होती. त्या काळात दोषाच्या निदानावर महिने घालवणाऱ्यांच्या नावावर एकही दीर्घिका लागली नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

दुरुस्त हबलनं डिसेंबर १९९५ मध्ये सप्तर्षीतल्या रिकाम्या वाटणाऱ्या एका ठिपक्याकडे दहा दिवस टक लावली आणि तिथे सुमारे तीन हजार दीर्घिका सापडल्या. हबलचं कामकाज पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या वाट्याचा निरीक्षणकाळ त्यासाठी दिला आणि सगळी माहिती लगेच खुली केली. पुढच्या काही वर्षांत अशा खोल प्रतिमांवरून आणि इतर सर्वेक्षणांवरून विश्वाचा तारेनिर्मितीचा आलेख उभा राहिला: सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी शिखर, त्यानंतर सतत उतार. म्हणजे ‘थांबणं’ हा काही दीर्घिकांचा अपवाद राहिला नाही, सगळं विश्वच मंदावत आलेलं दिसलं.

थांबवतं कोण, याचा एक संशयित हबलनंच पुढे आणला. फेबर ज्या गटात होत्या त्यानं लंबवर्तुळाकार दीर्घिकांची केंद्रं तपासली आणि तिथे महाकाय कृष्णविवरं सर्रास आढळली. २००० साली दोन वेगळ्या गटांनी दाखवलं की, कृष्णविवराचं वस्तुमान दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या वेगांमधल्या फरकाशी जोडलेलं आहे. १९७६ मध्ये मोजलेली तीच राशी इथे पुन्हा उगवली.

प्रतिमा अंतर सांगत नाही. त्यासाठी वर्णपट (प्रकाशाची रंगवार फोड) लागतो आणि अंधूक दीर्घिकेचा वर्णपट घ्यायला मोठा आरसा. म्हणून फेबर यांच्या नेतृत्वाखाली हवाईतल्या केक दुर्बिणीसाठी ‘डायमॉस’ हा वर्णपटमापक बांधला गेला. एका वेळी शंभराहून जास्त दीर्घिकांचे वर्णपट तो घेऊ शकतो. अवकाश दुर्बिणीचं कौतुक करताना जमिनीवरचा हा भार विसरला जातो. त्या माहितीवरून २००७ मध्ये फेबर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की, गेल्या सात-आठ अब्ज वर्षांत तांबूस दीर्घिकांची संख्या काही पटींनी वाढली आहे. म्हणजे निळ्या दीर्घिका विझून तांबूस होत आहेत, आणि काही तांबूस दीर्घिका एकमेकींत मिसळून आणखी मोठ्या होत आहेत.

मे २००९ मध्ये हबलवर नवा कॅमेरा बसला आणि अवरक्तात (लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात) खोलवर बघणं शक्य झालं. दूरच्या दीर्घिकांच्या जुन्या ताऱ्यांचा प्रकाश प्रसरणामुळे अवरक्तातच सरकलेला असतो, म्हणून याचं महत्त्व. फेबर आणि हेन्री फर्ग्युसन यांचे वेगवेगळे प्रस्ताव एकत्र करून ‘कँडल्स’ सर्वेक्षण ठरलं. हबलच्या पृथ्वीभोवतीच्या ९०२ प्रदक्षिणांचा वेळ, आकाशातले पाच भाग, अडीच लाखांच्या आसपास दीर्घिका. याच माहितीच्या आधारे २०२० मध्ये फेबर यांच्या गटानं विझण्याचं एक मॉडेल मांडलं. कृष्णविवरानं आजवर ओतलेली ऊर्जा भोवतालच्या वायूला बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या काही पट झाली की दीर्घिकेचा कच्चा माल, म्हणजे तारे ज्यातून घडतात तो वायू, तुटतो. आटोपशीर दीर्घिकांची कृष्णविवरं लवकर मोठी होतात, म्हणून त्या आधी विझतात. मॉडेल देखणं आहे. पण कृष्णविवराची ऊर्जा वायूपर्यंत नेमकी कशी पोहोचते, हा दुवा त्यात गृहीत धरलेला आहे.

वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी उडाली. तिच्या सुरुवातीच्या मोठ्या सर्वेक्षणांनी आपलं लक्ष मुख्यतः कँडल्सच्या भागांकडेच वळवलं, कारण तिथली वर्षानुवर्षांची माहिती आयती हाताशी होती. त्यातल्याच एका भागात वेबला महास्फोटानंतर जेमतेम ७० कोटी वर्षांनी तारे घडवणं थांबवलेली, सूर्याच्या दहा अब्ज पटींहून जड दीर्घिका आढळली. २०२५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एवढ्या लवकर इतकं वस्तुमान जमवून विझलेल्या दीर्घिका प्रचलित मॉडेलांमध्ये जवळपास सापडतच नाहीत. तिला कृष्णविवरानं विझवलं की कच्चा माल तात्पुरता आटला, यावर सध्या मतं विभागलेली आहेत.