बराकीत सहा फूट अंतर कुठून आणायचं?

मार्च 2020 मध्ये आपण सगळे दुकानासमोरच्या पांढऱ्या गोलात उभं राहायला शिकत होतो ना, तेव्हा मुंबईच्या आर्थर रोड जेलमध्ये जेमतेम आठशे माणसांच्या जागेत अडीच हजारांवर माणसं राहत होती. संध्याकाळी बंदी झाली की बराकीला कुलूप लागतं ते सकाळीच उघडतं, आत एकाच्या खांद्याला दुसऱ्याचा खांदा लागेल अशी झोप, कूस बदलायची तर शेजारच्याला हलवायला लागणार, रात्रभर सगळ्यांना मिळून तोच संडास आणि तीच हवा. आता यात सहा फूट अंतर कुठून आणायचं?

एक पेशंट सरासरी किती जणांना आजार देतो याचा शास्त्रज्ञ एक आकडा काढतात. कोरोनासाठी सुरुवातीला बाहेरच्या जगात तो 2 ते 3 धरला जायचा, पण अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरी जेलचा अभ्यास झाला तर तिथे तो 8 च्या वर निघाला. व्हायरस तोच, फक्त जागा बदलली. बोलताना, खोकताना तोंडातून जे बारीक थेंब उडतात ते बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात, आणि खिडकी लहान नि माणसं जास्त असली की प्रत्येकाच्या वाट्याला दुसऱ्याचा श्वास येतो.

महाराष्ट्र सरकारने एप्रिलमध्ये आर्थर रोड, भायखळा, ठाणे, कल्याण आणि येरवडा ही जेलं पूर्ण बंद केली, ना कोणी आत ना कोणी बाहेर. तरी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आर्थर रोडमध्ये एकदम 77 कैदी आणि 26 कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले, आणि तीनेक दिवसांत कैद्यांचा आकडा 158 वर गेला. भिंत कितीही उंच असली तरी आत गर्दी असेल तर ती भिंत फक्त माणसांनाच अडवते.

म्हणून मला वाटतं की जेलमध्ये महामारीवरचं पहिलं औषध म्हणजे गर्दी कमी करणं, मास्क आणि सॅनिटायझर त्याच्यानंतर. सुप्रीम कोर्टाने 23 मार्च 2020 लाच राज्यांना समित्या नेमायला सांगितलं होतं, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या केसमधल्यांना पॅरोल किंवा तात्पुरता जामीन देता येईल का ते बघा म्हणून. आर्थर रोडचा आकडा आल्यावर महाराष्ट्राच्या समितीने 35 हजारांपैकी निम्मे, म्हणजे साधारण 17 हजार कैदी सोडायचं ठरवलं. पण मोठी शिक्षा असलेल्यांना इमर्जन्सी पॅरोल हवा तर आधीच्या दोन वेळा सुटून वेळेवर परत आलेले असायला हवेत, अशी अट होती. मग जो माणूस आजवर एकदाही बाहेर गेलाच नाही त्याने काय करायचं? त्यालाच नकार मिळत होता! जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की अशांना ही अट लावता येणार नाही, पण तोवर लॉकडाऊनचे तीन-साडेतीन महिने आतच गेले होते.

आणि हे सगळे "गुन्हेगार" आहेत म्हणून मान फिरवणाऱ्यांना एक सांगायचंय, 2020 च्या अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटलाच अजून संपलेला नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत बसलेली माणसं यात असतात. शिक्षा झालेल्याचंही स्वातंत्र्य काढून घेतलेलं असतं, श्वास घ्यायचा हक्क नाही. शिवाय जेलचा शिपाई ड्यूटी संपवून आपल्याच वस्तीत, आपल्याच नळावर येतो.

मुंबईला हे नवीन नाही खरं तर. जानेवारी 1897 च्या शेवटी भायखळ्याच्या जेलमध्ये प्लेग शिरला होता आणि वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगवरची आपली नवी लस तिथल्या कैद्यांना टोचली, त्याआधी स्वतःच्या अंगावर घेऊन बघितली होती. टोचलेल्या 147 पैकी 2 जणांना प्लेग झाला, मेला कोणी नाही. न टोचलेल्या 172 पैकी 12 जणांना झाला आणि 6 गेले. लस टोचून घेणारे कैदी स्वतःहून पुढे आले होते असं सांगतात, पण कोठडीतल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो हा प्रश्न मला तरी सोडत नाही. जगाला ज्या लसीचा भरवसा आला तो या माणसांच्या दंडातून आला, आणि सव्वाशे वर्षांनी कोरोनाची लस द्यायची वेळ आली तेव्हा कैद्यांकडे आधार कार्ड नाही म्हणून अडलं. मे 2021 मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, ओळखपत्र नसलेल्यांना लस कशी द्यायची याचे नियम केंद्राने काढले, त्यात कैदी आले.

2020 च्या अखेरीस देशातली जेलं क्षमतेच्या 118 टक्के भरलेली होती. वर्षभराने तो आकडा 130 झाला.