नाशिकहून परदेशात ऑनलाइन विक्री : पात्रता, कागदपत्रे आणि ग्राहकाच्या देशाचे कायदे

परदेशी ग्राहकाला माल विकायचा तर 'एक्सपोर्ट लायसन्स' काढावे लागते, असा समज अजूनही पक्का आहे. बहुतेक वस्तूंना असा परवाना लागतच नाही. लागतो तो आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. परकीय व्यापार (विकास व नियमन) कायदा, १९९२ नुसार डीजीएफटी, म्हणजे केंद्र सरकारचे परकीय व्यापार महासंचालनालय, तो देते. सगळे काम घरबसल्या होते आणि शुल्क आहे ५०० रुपये. भारताच्या बाजूचे कागद खरे तर सोपे आहेत. घोळ होतो तो दोन ठिकाणी : कागदांवरची नावे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ग्राहकाच्या देशाचा कायदा आपल्यालाही लागू होतो हे आधी कोणी सांगितलेले नसते.

आयईसी कोणाला, कसा

पॅन असलेली प्रोप्रायटरी फर्म, भागीदारी, एलएलपी, कंपनी, सहकारी संस्था, ट्रस्ट यांपैकी कोणीही अर्ज करू शकते. उलाढालीची अट नाही. एका पॅनवर एकच आयईसी मिळतो आणि पॅनचा क्रमांक हाच आयईसी क्रमांक असतो. डीजीएफटीच्या पोर्टलवर मोबाईल आणि ईमेलने खाते उघडायचे. मग फर्मचे पॅन, मालकाचे आधार, पत्त्याचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार) आणि नाव छापलेला रद्द केलेला चेक किंवा बँकेचा दाखला जोडायचा. शेवटी आधारवर ई-साईन.

इथे घाई करू नका. पॅनवर 'शिरसाठ' आणि चेकवर 'शिरसाट' असेल, किंवा खाते मालकाच्या नावावर आणि इनव्हॉइस दुकानाच्या नावावर असेल, तर अर्ज आज निघून जाईलही, पण पुढे बँक किंवा कस्टम्स नेमके तिथेच थांबवेल. आधी पॅन, आधार आणि बँक खात्यावरचे स्पेलिंग एक करून घ्या.

आयईसीच्या नावाखाली हजारो रुपये उकळणाऱ्या, दिसायला सरकारी वाटणाऱ्या वेबसाइट बऱ्याच आहेत. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर पैसे भरू नका. आयईसी कायमचा असतो, पण दर वर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन माहिती कायम असल्याची नोंद करावीच लागते. काही बदलले नसले तरी. नोंद राहिली की कोड निष्क्रिय होतो आणि पार्सल विमानतळावर अडते.

जीएसटी, एलयूटी आणि बँक

निर्यात शून्य दराची आहे, म्हणजे करातून सुटका आहे, नोंदणीतून नाही. निर्यात आंतरराज्य पुरवठा मानली जाते, त्यामुळे वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट देणाऱ्या मर्यादेचा आधार घेता येत नाही. सेवा देणाऱ्याला मात्र २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर) असाल तर निर्यात करता येत नाही. आधी त्यातून बाहेर पडावे लागते.

कर न भरता माल पाठवायचा तर एलयूटी, म्हणजे निर्यातीच्या अटी पाळण्याचे हमीपत्र, द्या. जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ हा फॉर्म आहे, दोन साक्षीदारांची नावे-पत्ते लागतात, शुल्क नाही. तो प्रत्येक आर्थिक वर्षासाठी नव्याने भरायचा. १ एप्रिलनंतरची पहिली निर्यात करण्याआधीच तो भरून टाका.

खाते कोणत्या बँकेत आहे हे नाशिकमध्ये खास तपासायला हवे, कारण इथे पतसंस्था आणि सहकारी बँकांचे व्यवहार मोठे आहेत. परकीय चलनाच्या व्यवहाराची रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली बँकच एडी कोड, म्हणजे अशा अधिकृत (ऑथराइज्ड डीलर) बँकेचा ओळख क्रमांक, देऊ शकते. हा १४ अंकी कोड कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर ज्या बंदरातून किंवा विमानतळावरून माल जाणार तिथल्यासाठी नोंदवायचा.

पैसे आले की बँकेला योग्य पर्पज कोड (पैसे कशासाठी आले ते सांगणारा) सांगा आणि परकीय रक्कम मिळाल्याचे पत्र मागून घ्या. मालाची रक्कम भारतात आणण्याची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये ९ महिन्यांवरून १५ महिने झाली. ग्राहकाच्या इथल्या नातेवाइकाने तुमच्या खात्यात रुपये टाकले तर तो व्यवहार निर्यातीची रक्कम म्हणून दाखवता येत नाही, आणि एलयूटीवर पाठवलेल्या मालाचा हिशेब उघडा पडतो. ओळखीचा माणूस असला तरी नाही म्हणा.

पार्सल पाठवताना

कुरिअरने व्यापारी माल जातो तो सीएसबी-५ या शिपिंग बिलावर (कस्टम्सला द्यायचे निर्यातीचे विवरण). टपालाने पाठवायचे तर पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रे आहेत. तिथे पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट ऑनलाइन भरता येते.

येवल्याच्या पैठणीचेच उदाहरण घ्या. इनव्हॉइसवर नुसते 'साडी' लिहून भागत नाही, वस्तूच्या वर्गीकरणाचा एचएसएन क्रमांकही लागतो. 'हातमागावर विणलेली शुद्ध रेशमी साडी, जरीकाठ, १ नग, एचएसएन ५००७, मूळ देश भारत' आणि डॉलरमधली खरी किंमत असे पूर्ण लिहा. अमेरिकेत कापडावर धाग्याचा प्रकार आणि मूळ देश सांगणारे लेबलही लागते. कस्टम ड्युटी वाचावी म्हणून 'गिफ्ट' लिहा किंवा किंमत कमी दाखवा, असे काही ग्राहक आग्रहाने सांगतात. ते खोटे विवरण आहे आणि त्यावर सही तुमची असते.

खाद्यपदार्थांचा विषय वेगळा. एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना आलाच. बेदाण्यासाठी अपेडाची (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) आणि मसाल्यांसाठी स्पाइसेस बोर्डाची नोंदणी पाहा. अमेरिकेत पापड, चिवडा विकायचा तर तिथल्या एफडीए या अन्न-औषध नियामकाकडे उत्पादनाच्या जागेची नोंदणी, अमेरिकेत राहणारा एजंट आणि प्रत्येक पार्सलची पूर्वसूचना द्यावी लागते. नोंदणीला शुल्क नाही, आणि एफडीए नोंदणीचे सर्टिफिकेट देत नाही. ते विकणाऱ्या एजंटापासून सावध राहा.

कांदा पाठवणाऱ्यांना सांगायला नको : डिसेंबर २०२३ ते मे २०२४ बंदी होती, पुढे निर्यातशुल्क आले आणि १ एप्रिल २०२५ ला ते गेले. ऑर्डर घेण्याआधी डीजीएफटीच्या यादीत आजची स्थिती बघायची सवय ठेवा.

ग्राहकाच्या देशाचा कायदा

वेबसाइटच्या अटींत 'वाद नाशिक न्यायालयात' एवढी ओळ टाकली की झाले, असे नाही. तुम्ही युरोपातल्या ग्राहकांना उद्देशून विक्री करत असाल, तर तिथला ग्राहक संरक्षण कायदा त्या ओळीने टळत नाही. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. तयार पैठणी परत येऊ शकते; ग्राहकाच्या मापाने शिवलेला ब्लाउज मात्र या हक्कातून वगळलेला आहे. हा फरक परताव्याच्या अटींत स्पष्ट लिहा, आणि परत येणाऱ्या मालाचे भाडे कोणाचे तेही. अमेरिकेत पाठवण्याची मुदत सांगितलेली नसेल तर ३० दिवसांत माल रवाना करणे बंधनकारक आहे.

करही तपासा. अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद आहे. युरोपीय संघात पहिल्या युरोपासून व्हॅट (तिथला विक्रीवरचा कर) लागतो. १५० युरोपर्यंतच्या पार्सलवर मार्केटप्लेसच तो गोळा करते, पण स्वतःच्या वेबसाइटवरून विकत असाल तर मध्यस्थामार्फत आयओएसएस (व्हॅट विक्रीच्या वेळीच घेऊन एकत्र भरण्याची सोय) नोंदणी घ्यावी लागते, नाहीतर ग्राहकाला दारात पैसे भरावे लागतात आणि पार्सल परत येण्याची शक्यता वाढते. ग्राहकाचे नाव, पत्ता, ईमेल साठवता म्हणून जीडीपीआर हा युरोपचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही लागू होतो. कोणती माहिती का घेता, किती काळ ठेवता, ती पुसायची कशी, हे साध्या भाषेत साइटवर द्या.

सेवा विकणाऱ्यांना प्रत्येक वेळी आयईसी लागत नाही; परकीय व्यापार धोरणातले लाभ घ्यायचे असतील तर लागतो. सॉफ्टवेअर निर्यातीला सॉफ्टेक्स फॉर्म असतो. रेकॉर्ड केलेला कोर्स किंवा ई-बुक युरोपातल्या व्यक्तीला विकले तर तिथला व्हॅट तुमच्यावर येतो, कंपनीला विकले तर बहुधा ती कंपनी भरते. म्हणून ऑर्डरच्या वेळीच ग्राहकाचा व्हॅट क्रमांक विचारा.

भारतात नोंदवलेला ट्रेडमार्क परदेशात संरक्षण देत नाही. २०१३ पासून भारत माद्रिद प्रोटोकॉल या ट्रेडमार्क नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे इथल्या अर्जाच्या किंवा नोंदणीच्या आधारे, भारतीय ट्रेडमार्क कार्यालयामार्फत एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात. ज्या देशातून ऑर्डर यायला लागल्या आहेत, तो देश आधी निवडा.