क्लिअरिंगची पिशवी निघायची वेळ

बँकेच्या चेकपेटीवर एक कागद चिकटवलेला असतो. कडा पिवळ्या पडलेल्या, चिकटपट्टी सुटत आलेली. त्यावर लिहिलेलं असतं: ‘दुपारी १२ नंतर टाकलेले चेक दुसऱ्या दिवशीच्या क्लिअरिंगला जातील.’ बारा वाजून पाच मिनिटांनी धावत आलेला माणूस तो वाचतो आणि चिडतो. शाखा उघडी आहे, माणसं बसलेली आहेत, मग बारालाच असं काय झालं? त्याचं उत्तर एका पिशवीत आहे.

चेक म्हणजे आपल्या बँकेला लिहिलेली चिठ्ठी: याला इतके पैसे द्या. ती चिठ्ठी मात्र पडते दुसऱ्याच बँकेच्या हातात. मग सगळ्या बँकांच्या माणसांनी रोज एका ठिकाणी जमायचं, एकमेकांचे गठ्ठे वाटायचे आणि देण्याघेण्याची वजाबाकी करून उरलेल्या फरकापुरतेच पैसे फिरवायचे. अठराव्या शतकात लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीट परिसरातल्या कारकुनांनी ही सोय शोधली, पायपीट वाचावी म्हणून. असं जमण्याचं ठिकाण म्हणजे क्लिअरिंग हाऊस. ते मुंबईतही आलं आणि १९३५ साली स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेकडे पुढे त्याची देखरेख गेली.

आता पिशवीच्या काळातली शाखेची सकाळ बघा. चेक घ्यायचे, स्लिपशी ताडायचे, पाठीमागे शिक्के मारायचे, बँकवार गठ्ठे लावायचे, प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज यंत्राच्या पट्टीवर काढून ती पट्टी वर गुंडाळायची. बेरीज जुळली नाही तर सगळं पुन्हा. मग शिपाई पिशवी घेऊन निघणार. क्लिअरिंग हाऊसची वेळ ठरलेली. तिच्यातून प्रवास वजा, बेरजा वजा, जे उरेल ती शाखेची शेवटची वेळ. साहजिकच फोर्टातली शाखा जितका वेळ चेक घेऊ शके, तितका बोरिवलीच्या शाखेला परवडत नसे. सहकारी बँकांचं त्याहून अवघड. बऱ्याच लहान नागरी बँका क्लिअरिंगच्या थेट सभासद नसतात. त्यांचे चेक एखाद्या मोठ्या बँकेमार्फत जातात. म्हणजे पिशवीला आणखी एक थांबा, आणि ग्राहकाला आणखी लवकरची वेळ. गावातल्या बँकेची माणसं आळशी आहेत असं म्हणणाऱ्याने हा थांबा मोजलेला नसतो.

या वेळांना कायद्याचा आधार जुना आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्याचं, कलम ६५ सांगतं की पैसे मागण्यासाठी असा कागद व्यवसायाच्या नेहमीच्या वेळेत दाखवावा, आणि बँकेत दाखवायचा असेल तर बँकेच्या वेळेत. त्याच कायद्याच्या कलम २५ मध्ये सार्वजनिक सुट्टीचा विषय येतो. महाराष्ट्र शासनाच्या सुट्ट्यांच्या वार्षिक अधिसूचनेत या जुन्या कायद्याचं नाव दिसतं ते त्यामुळेच. दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना पूर्ण सुट्टी, हे १ सप्टेंबर २०१५ पासूनचं. त्याआधी दर शनिवारी अर्धा दिवस कामकाज चाले.

बँकेची वेळ एक, आणि पैसे ‘दिले’ असं कधी मानायचं हा प्रश्न वेगळा. त्याचं गाजलेलं उत्तर कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीतून आलं आहे. ओगले ग्लास वर्क्स हा कंदिलांचा कारखाना. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत टांगलेला असे. गाव तेव्हा औंध संस्थानात, म्हणजे ब्रिटिश हद्दीबाहेर. कंपनीने भारत सरकारला कंदील पुरवले, बिलं पाठवली, पैसे चेकने द्या असं कळवलं. दिल्लीहून चेक टपालाने आले, कंपनीला औंध संस्थानात मिळाले आणि मुंबईत वटले. प्राप्तिकर खातं म्हणालं, पैसे ब्रिटिश हद्दीत मिळाले, कर भरा. कंपनी म्हणाली, आम्हाला मिळाले ते औंधात. मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली, पण १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. कंपनीच्याच सांगण्यावरून चेक पाठवले गेले असल्याने टपाल खातं कंपनीचं प्रतिनिधी ठरलं, म्हणजे चेक दिल्लीतच मिळाले. शिवाय चेक वटला की पैसे वटण्याच्या दिवशी नव्हे, तर चेक हाती पडला त्या दिवशीच मिळाले असं धरायचं. कंपनी हरली, पण चेकने देणं भागवणाऱ्या कितीजणांना या तत्त्वाने पुढे हात दिला! शेवटच्या तारखेला दिलेला चेक दोन दिवसांनी वटला तरी तारीख पाळली गेली, असं म्हणायला त्यातून जागा मिळाली.

व्याजाच्या बाबतीत मात्र अशी दया नव्हती. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्याचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळे. ११ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्यात एक पैही व्याज नाही. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज आलं आणि ती धावपळ संपली. पीपीएफमध्ये मात्र ५ तारखेपर्यंत भरलेल्या पैशालाच त्या महिन्याचं व्याज, ही अट अजून आहे, आणि ४ तारखेला आठवण करून देणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो.

पिशवीचं वजन हळूहळू कमी होत गेलं. १९८० च्या दशकात दामले समितीच्या शिफारशीनंतर चेकच्या तळाशी चुंबकीय शाईचे आकडे आले (मुंबईचे ४०० ने सुरू होतात) आणि गठ्ठे यंत्र लावू लागलं. मग चेकऐवजी त्याचं चित्रच पाठवायची पद्धत आली: दिल्लीत २००८, चेन्नईत २०११, मुंबईत २०१३. परगावच्या चेकला पूर्वी सात, दहा, अगदी चौदा दिवसही लागत. तो काळ आता वकिलांनाच आठवतो.

इलेक्ट्रॉनिक पैशालाही आधी वेळेची कुंपणं होतीच. मोठ्या रकमा एकेक करून लगेच पाठवणारं आरटीजीएस मार्च २००४ मध्ये सुरू झालं, गठ्ठ्यांनी पाठवणारं एनईएफटी नोव्हेंबर २००५ मध्ये. ग्राहकांसाठी आरटीजीएस साडेचारला बंद होई. १ जून २०१९ पासून ते सहापर्यंत वाढलं. एनईएफटीचे गठ्ठे आधी तासातासाने जात, जुलै २०१७ पासून अर्ध्या तासाने. गठ्ठे हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण पिशवी गेली तरी सवय तीच राहिली होती. १६ डिसेंबर २०१९ ला एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० ला आरटीजीएस चोवीस तास झालं. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच, म्हणजे पगार जमा करणारी आणि हप्ते कापणारी यंत्रणा, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालू लागली. पगार रविवारी जमा झाला तेव्हा सगळे खूश होते. हप्ताही रविवारीच कापला जाणार हे ज्यांच्या खात्यात शिल्लक नव्हती त्यांना आधी कळलं.

चेकची पाळी शेवटी आली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून बँकेने चेक स्कॅन करून (सुरुवातीला) सकाळी १० ते दुपारी ४ मध्ये सतत पाठवत राहायचं आणि समोरच्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत हो किंवा नाही कळवायचं, असं ठरलं. तोवर उत्तर आलं नाही तर चेक मंजूर धरायचा. तीन तासांत उत्तर देण्याचा दुसरा टप्पा ३ जानेवारी २०२६ ला यायचा होता, तो रिझर्व्ह बँकेने पुढे ढकलला.

आणि चोवीस तास चालणारं आरटीजीएससुद्धा मध्यरात्रीच्या सुमारास थोडा वेळ थांबतं. आजचा दिवस मिटवून उद्याची तारीख घालायची असते. पेढीवरचा मुनीम रात्री कीर्दीखाली रेघ ओढून बेरीज मांडायचा, तेवढाच तो वेळ.