खानदेशातील कीटकवैविध्य

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत अधिवास व हवामान यांनुसार कीटकांच्या जातींत आणि संख्येत आढळणारा फरक. उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधून तापी, अशी या प्रदेशाची रचना आहे. नवापूर-अक्कलकुव्याकडे वर्षाला सु. १,००० मिमी. किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. पर्जन्यछायेतील धुळे-शिंदखेड्याकडे तो सु. ५००–६०० मिमी. असतो. भुसावळचा उन्हाळा ४५° से.च्याही वर जातो. पाऊस एकूण किती पडला यापेक्षा ओल किती महिने टिकली, यावर येथील कीटकजीवन अधिक अवलंबून असते.

प्राण्यांच्या प्रसारातील सातपुड्याच्या स्थानाबद्दल मतभेद आहेत. ईशान्य भारत व पश्चिम घाट येथील दमट वनांत जवळच्या नात्याचे वाटणारे प्राणी आढळतात. मधल्या कोरड्या पट्ट्यात ते नाहीत. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात याची उपपत्ती मांडली. हिमयुगातील अधिक आर्द्र काळात हे प्राणी विंध्य-सातपुड्याच्या रांगांवरून पश्चिमेकडे सरकले व पुढे दक्षिणेस उतरले, असे तिचे सूत्र. होरा यांचा आधार खळाळत्या ओढ्यांतील माशांचा होता. इतर प्राण्यांना ही उपपत्ती नंतर लावली गेली. ती मान्य केल्यास तोरणमाळचे पठार व यावल-रावेरच्या रांगा थेट या वाटेवर येतात. परंतु बुऱ्हाणपूरजवळ रांग खंडित होते. शिवाय दिसण्यातील साम्य हे नेहमीच वंशाचे साम्य नसते, हे काही प्राण्यांच्या बाबतीत आनुवंशिक पुराव्याने स्पष्ट झाले आहे. लांब उडणाऱ्या फुलपाखरांना वा चतुरांना अशी खिंड फारशी अडवत नाही. कुजक्या लाकडात राहणाऱ्या पंखहीन कीटकांना मात्र ती ओलांडणे कठीण. त्यामुळे एकाच वाटेपेक्षा, पूर्वी विस्तृत असलेल्या दमट वनाचे तुकडे अक्कलकुवा-धडगावच्या दऱ्यांत शिल्लक राहिले, हे मत खानदेशापुरते अधिक पटण्यासारखे आहे.

जुन्या नोंदी पक्ष्यांच्या बाजूला झुकलेल्या आहेत. ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांची पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी १८८२ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. फुलपाखरांवर त्यांनी इतरांसह काम केले ते पुढे उत्तर कानड्यात.

डोंगरातील सागवनात पावसाळ्याच्या आरंभी एक अळी कोवळी पाने फस्त करते, तर पावसाळा सरत आला की दुसरी अळी शिरा तेवढ्या ठेवून पानाची जाळी करते. सातेरी मधमाशी प्रामुख्याने डोंगराळ भागातली; तापीकाठच्या उष्णतेत लहानगी फुलोरी माशी तग धरते.

माळरानाची कीटकसृष्टी वेगळी आहे व तिची उपेक्षा झाली आहे. रुईच्या झुडपावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा टोळ ठिय्या देऊन बसलेला असतो. त्याचे पिल्लू डिवचले की पाठीकडून द्रवाची पिचकारी मारते. रुईच्या विषारी चिकावर पोसल्यामुळे भक्षक त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. बोरीच्या पानांचा हिरवा थर खरवडणाऱ्या चिमुकल्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्यांभोवती मुंग्या वावरतात, कारण अळ्या गोड स्राव देतात. बोर, रुई, नेपती व बाभूळ यांवर इतके जीव अवलंबून असताना अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणून नांगराखाली घालणे योग्य नव्हे.

पहिल्या वळिवानंतर तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात, तर वारुळांतून पंखाच्या वाळव्या उडतात. याच सुमारास दिसणारा मखमली लाल मृगाचा किडा आठ पायांचा असून शास्त्रीय दृष्ट्या कीटक नव्हे.

शेतीने ऋतूंची साखळीच बदलली आहे. ठिबकवरील केळीबागा भर उन्हाळ्यात ओलसर सावली पुरवतात. बागेत वा शेजारी काकडीवर्गीय पिके असली की मावा ‘हरण्या’ या विषाणूजन्य रोगाचा प्रसार करतो. गुलाबी बोंडअळीला पूर्वहंगामी बागायती कापसाच्या पात्या-फुले लवकर मिळतात व प्रादुर्भावाने डोमकळ्या (न उमललेली, गुलाबकळीसारखी फुले) दिसतात. २००२ मध्ये बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली. पुढे या अळीत प्रतिकारशक्ती आली आणि २०१७ च्या हंगामात राज्यात मोठे नुकसान झाले. डिसेंबरनंतर फरदड (वेचणीनंतरही राखलेले जुने पीक) ठेवल्यास अळीचा जीवनक्रम तुटत नाही.