इलिनॉय सिनेटचा तेरावा मतदारसंघ

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचा, म्हणजे राज्य सिनेटचा, शिकागो शहरातील मतदारसंघ. मिशिगन सरोवराच्या काठाने वसलेला शहराचा दक्षिण भाग त्यात येतो. हाइड पार्क हा त्याचा गाभा. बराक ओबामा यांची राजकीय कारकीर्द इथून सुरू झाली, म्हणून त्याचे नाव झाले. पण या जागेचे खरे वैशिष्ट्य वेगळे आहे. १९९१ पासून इथे आलेल्या चार सिनेटरांपैकी तिघे पहिल्यांदा सभागृहात आले ते नेमणुकीने.

राज्यात असे ५९ मतदारसंघ आहेत. प्रत्येकाचे दोन भाग करून कनिष्ठ सभागृहाचे मतदारसंघ पडतात. तेराव्याचे २५ आणि २६. २०२० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १,२८,१२,५०८ भरली, त्यामुळे एका सिनेटरामागे सुमारे २ लाख १७ हजार लोक येतात. आपल्या विधान परिषदेसारखे पदवीधर, शिक्षक असे वेगळे मतदार इथे नाहीत. सगळे सदस्य थेट जनतेतून निवडून येतात. मुदत मात्र सरसकट चार वर्षांची नसते. दर दहा वर्षांनी सीमा बदलल्या की सर्वांना नव्या नकाशावर उभे राहता यावे, यासाठी दशकात दोन मुदती चार वर्षांच्या आणि एक दोन वर्षांची ठेवतात, आणि त्यांचा क्रम मतदारसंघांच्या तीन गटांत वेगवेगळा असतो.

१९६७ ते १९९१ या काळात हाइड पार्क परिसराचे प्रतिनिधित्व रिचर्ड न्यूहाउस यांनी केले. १९७५ मध्ये त्यांनी महापौरपदासाठी रिचर्ड डेली यांना पक्षांतर्गत आव्हानही दिले होते. ते निवृत्त झाल्यावर ॲलिस पामर यांची नेमणूक झाली. जागा रिकामी झाली की ३० दिवसांत ती भरावी लागते आणि नेमलेली व्यक्ती आधीच्या सिनेटराच्याच पक्षाची असावी लागते. निवड त्या पक्षाचे मतदारसंघातील स्थानिक पदाधिकारी करतात. त्यामुळे जागा सोडण्याची वेळ कोणती, यालाही राजकीय किंमत येते.

१९९५ मध्ये पामर अमेरिकन काँग्रेसच्या पोटनिवडणुकीत उतरल्या आणि सिनेटच्या जागेसाठी ओबामा पुढे आले. नोव्हेंबरमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत जेसी जॅक्सन (धाकटे) यांच्याकडून हरल्यावर पामर यांनी पुन्हा आपल्याच जागेसाठी अर्ज भरला. उमेदवारीसाठी ७५७ वैध सह्या लागत होत्या. इथेच अर्ज अडकतात. सही करणारा त्याच मतदारसंघातला नोंदणीकृत मतदार हवा. पत्ता सीमेबाहेर निघाला, यादीतून नाव वगळलेले असले, एकानेच दोनदा सही केली किंवा सहीऐवजी सुट्या अक्षरांत नाव लिहिले, तर ती ओळ बाद होऊ शकते. म्हणूनच मुरलेले उमेदवार गरजेच्या दुप्पट-तिप्पट सह्या जमवतात. पामर यांनी घाईत दीड हजारांच्या आसपास गोळा केल्या होत्या. ओबामांच्या कार्यकर्त्यांनी मतदारयादी पुढ्यात घेऊन एकेक ओळ तपासली, हरकती घेतल्या, आणि पामर यांनी माघार घेतली. बाकीचे प्रतिस्पर्धीही याच छाननीत बाद झाले. प्राथमिक फेरी ओबामांना बिनविरोध मिळाली. १९९६ च्या नोव्हेंबरमधली लढत या भागात औपचारिकच होती, कारण डेमोक्रॅटिक पक्षाचे पारडे इथे कायम जड आहे.

त्या वेळी मतदारसंघ पश्चिमेला शिकागो लॉनपर्यंत पसरलेला होता. २००१ मध्ये मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणाऱ्या फेररचना आयोगात मतांची बरोबरी झाली. अशा वेळी जादा सदस्यासाठी दोन पक्षांच्या दोन व्यक्तींची नावे ठेवून चिठ्ठी काढायची, अशी तरतूद राज्यघटनेतच आहे. चिठ्ठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने निघाली आणि नव्या नकाशात हाच मतदारसंघ सरोवराच्या काठाने उत्तरेकडे, श्रीमंत गोल्ड कोस्टपर्यंत ओढला गेला. ओबामांच्या मतदारांत गोरे आणि सधन लोक वाढले, आणि २००४ च्या अमेरिकन सिनेटच्या निवडणुकीआधी ही ओळख त्यांच्या उपयोगी पडली असे मानायला जागा आहे.

नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकन सिनेटवर निवडून आल्यावर ओबामांनी राज्यातली जागा सोडली. तिथे क्वामे राउल यांची नेमणूक झाली. राउल जानेवारी २०१९ मध्ये राज्याचे महान्यायवादी झाले, तेव्हा रॉबर्ट पीटर्स नेमले गेले. नेमणुकीनंतर मुदतीचे २८ महिन्यांहून अधिक उरले असतील, तर उरलेल्या काळासाठी पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान घ्यावे लागते. राउल यांच्या मुदतीची दोनच वर्षे शिल्लक होती, त्यामुळे पीटर्स थेट २०२० मध्ये मतदारांसमोर गेले आणि निवडून आले.