भडक दार आणि उठावदार दार

परभणीतल्या आमच्या घराला रंग दिला त्या वर्षी कुरियरवाल्याला पत्ता सांगताना मी मोठ्या ठसक्यात म्हणायचे, "गल्लीत शिरलं की लाल दाराचं घर." तो गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फोन करायचा, "ताई, लाल दार कुठंय?" भिंती पोपटी, खिडक्यांच्या कडा केशरी, कंपाउंडवर पिवळा पट्टा आणि मधोमध पिकल्या टोमॅटोसारखं दार. जिंतूरहून आत्या आली ती फाटकातूनच म्हणाली, "हे काय गं, दार हाय का जत्रंतला पाळणा?"

म्हणजे आत्याच्या डोळ्यात खुपलेलं दार कुरियरवाल्याला सापडत नव्हतं. तेव्हा याचं कोडं पडलं होतं. दोघंही बरोबर होते, कारण दार भडक होतं आणि उठावदार अजिबात नव्हतं. रंगाच्या दुकानात आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. "जरा उठून दिसंल असा द्या" म्हटलं की दुकानदार शेडकार्डातलं सगळ्यात झणझणीत पान उघडतो.

शब्दांचं मूळ पाहिलं तरी फरक लक्षात येतो. भडकतो तो जाळ. त्याला शेजाऱ्याची गरज नसते, तो आपला आपण भडकतो. उठाव मात्र कशावरून तरी असतो. दगडात किंवा लाकडात जमिनीपासून वर उचललेली नक्षी म्हणजे उठावाचं काम. जमीन नसेल तर उठाव कुठला? वेरूळला आज दिसणाऱ्या मूर्ती आणि मागची भिंत एकाच काळ्या पाषाणाच्या आहेत, तरी मूर्ती पुढे येते, कारण तिच्या कडेला सावली पडते. रंगाचा तिथे संबंधच नाही. छत्रपती संभाजीनगरचा भडकल दरवाजा घ्या. मलिक अंबरने मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून तो १६१२ साली उभारला. नावात 'भडक' आहे, अंगावर एकही भडक रंग नाही आणि नजर चुकवू म्हटलं तरी चुकत नाही.

रंगाच्या बाबतीत हेच जरा शास्त्राने सांगायचं तर प्रत्येक रंगाच्या तीन बाजू असतात: तो कोणता (लाल, निळा, हिरवा), किती उजळ किंवा गडद आणि किती तीव्र. भडकपणा तिसऱ्या बाजूचा. तो डब्यातच भरून येतो. उठाव बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूचा असतो, म्हणजे दार आणि भिंत यांच्यातल्या फिकट-गडद फरकाचा. तो डब्यात मिळत नाही. पोपटी आणि टोमॅटो लाल हे रंग म्हणून एकमेकांचे वैरी, पण गडदपणात आमच्याकडे जवळजवळ सारखे निघाले. त्यामुळे दोघं नुसते भांडत राहिले आणि पुढे कोणीच आलं नाही.

हे तपासायला मोबाइल पुरे. घराचा समोरून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. दार भिंतीपासून वेगळं दिसलं तर उठाव आहे. दोन्ही एकाच राखाडीत विरघळली तर डब्यावर कितीही पैसे घातले असले तरी फक्त भडकपणा विकत घेतलाय. आमच्या फोटोत दाराची कडी दिसली, दार शोधावं लागलं.

शेजारचा रंग आपला रंग बदलून टाकतो हे गोबेलँ या फ्रेंच विणकामशाळेत फार आधी लक्षात आलं होतं. काळ्या धाग्याला दम नाही अशी तिथे तक्रार होती. रंगकामाचे प्रमुख असलेले रसायनतज्ज्ञ शेव्रल यांनी शोध घेतला, तेव्हा दोष धाग्यात नव्हता, त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर आख्खा ग्रंथ लिहिला. आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही म्हणा. पैठणीच्या काठाला ऐट येते ती अंगाच्या रंगामुळे, हे लग्नाच्या खरेदीला बसलेली कुठलीही बाई सांगेल.

भडक रंग कायम वाईट, असं मात्र नाही. भिंत चुन्यासारखी पांढरी किंवा सिमेंटसारखी राखाडी असेल, कडा-पट्टे गप्प असतील, तर एकटं हळदीपिवळं दार भडकही दिसेल आणि उठावदारही. गोंधळ होतो तो सगळेच एकदम बोलायला लागल्यावर. गावाकडच्या जुन्या गढीचं दार आठवा. पांढऱ्या मातीच्या भिंती, त्यात काळपट पडलेलं सागवान, त्यावर लोखंडी फुल्या. कोणी रंगसंगती ठरवली नव्हती, होतं तेच सामान होतं, पण कृष्णधवल फोटोत ते दार आजच्या कुठल्याही बंगल्याला मागे टाकेल.

आता भिंतीवरून हिशोब करा. मळकट पांढऱ्या किंवा बदामी भिंतीवर बाटलीचा हिरवा, गडद निळा, मरून हे सगळे चालतात. दर्शनी भागाला काळ्या दगडाचं क्लॅडिंग करायचं आणि दाराला वॉलनटचं गडद पॉलिश मारायचं, ही चूक नव्या बंगल्यांत मी वारंवार पाहते. दोन महागड्या वस्तू एकमेकींना गिळून बसतात. काळ्या दगडात फिकट सागवानी किंवा मोहरीच्या रंगाचं दार लावून बघा. भिंती आधीच पिवळ्या-केशरी असतील तर लालकडे वळूच नका, निळ्या-हिरव्यातला गडद रंग घ्या.

तरी एवढ्यावर डबा उघडू नका, कारण दाराला दिवसभर एकच उजेड मिळत नाही. पोर्च खोल असेल तर गडद रंग भर दुपारीही काळाच वाटतो; तिथे दोन छटा फिकट घ्यावं. आणि दिवेलागणीला एक गंमत होते. उजेड कमी झाला की आपला डोळा लाल रंगाला कमी आणि निळ्या-हिरव्याला जास्त दाद देऊ लागतो. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हे टिपलं, म्हणून त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. दुपारी पेटलेलं लाल दार संध्याकाळी काळवंडतं, तर निळसर दार उलट उजळ वाटतं. पुढे बल्ब लावला की डाव पुन्हा पालटतो: पिवळ्या उजेडात लाल-तपकिरी खुलतात, निळा मरगळतो. म्हणून दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नखाएवढा चौकोन बघून ठरवू नये. छोटा डबा आणून वीतभर पट्टा दारावरच ओढावा आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर, असा तीनदा बघावा.

दार पश्चिमेला असेल तर आपल्याकडचा उन्हाळा हा तिसरा रंगारी. बरेच झगझगीत लाल-केशरी रंग उन्हात विटतात. आमचं टोमॅटो दोन उन्हाळ्यांत गाजरासारखं झालं, मग बर्फाच्या गोळ्यासारखं फिकट गुलाबी. त्याउलट गेरू विटत नाही, कारण तो लोखंडाचाच गंज, ऊन त्याचं आणखी काय वाकडं करणार? गेरूच्या जातीतले लाल, काव, पिवळी माती यांची रंगद्रव्यं असलेल्या छटा डब्यात थोड्या मंद दिसतात, पण टिकतात. अगदी गडद रंगाचीही एक अडचण आहे. तो ऊन पितो, लाकूड तापतं, आकसतं-फुगतं आणि सांध्यावर रंग तडकतो. गडद आणि चकचकीत असेल तर काळ्या रानाची धूळही पहिल्याच वाऱ्याला त्याच्यावर उमटते. मी सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचं, फिनिश घेतलं.

अलंकारांचा नियमही हाच. बिदरीची सुरई आठवा. जस्त-तांब्याचा मिश्रधातू काळाकुट्ट केलेला आणि त्यात चांदीची बारीक रेघ. चांदी वाढवत नेली तर बिदरी राहणारच नाही. दारावरही एकच धातू असावा आणि तो जमिनीच्या विरुद्ध असावा. गडद हिरव्यावर पितळी कडी, पितळी मूठ सुरेख. तीच पितळ फिकट सागवानावर लावली की पिवळ्यात पिवळं बुडतं, तिथे काळं लोखंड बरं. चौकट दाराच्या रंगाची करा नाहीतर भिंतीच्या. तिसरा रंग आणला की पाळणा फिरायला लागला म्हणून समजा. तोरणालाही हेच लागू. केशरी दारावरचा झेंडू फुकट जातो, गडद हिरव्यावर तोच दसऱ्याच्या दिवशी गल्लीच्या टोकावरून दिसतो. बारा महिने लटकणाऱ्या प्लास्टिकच्या तोरणाबद्दल मी काही बोलणार नाही, आमच्या जाऊबाईंनी दिलेलं आहे.

एवढं सगळं करून दारापुढे जाळीचं सेफ्टी डोअर असतंच, आणि रस्त्यावरून आधी दिसतं ते तेच. पांढरी किंवा चंदेरी जाळी उजेड परतवते, त्यामुळे नजर तिथेच अडते. जाळी काळी केली की ती मागे सरते आणि आतलं दार पुढे येतं. रंगवून झाल्यावर सगळ्यात स्वस्तात झालेली सुधारणा हीच निघाली.

आता भिंती बदामी आहेत, दार बाटलीच्या हिरव्या रंगाचं, कडी पितळी. दिवाळीत आत्या आली. फाटकात क्षणभर थांबली, "बरं हाय" म्हणाली आणि उंबरठ्यावर पट्टे ओढायला हळदीची वाटी मागितली.